पन्नास ग्रॅम गूळ

साहेब पोळी तोलून खात. डबा उघडला की तिन्ही पोळ्या प्रयोगशाळेतल्या तराजूवर एकेक करून चढत आणि साहेब पेन्सिलीने डब्याच्या झाकणावर आकडे लिहीत. एखादी पोळी पाच-सात ग्रॅमने जड निघाली तर तेवढा तुकडा तोडून खिडकीत चिमण्यांना. बायकोने पीठ एकसारखं घ्यावं एवढीच त्यांची संसाराकडून अपेक्षा होती, आणि ती कधी पुरी झाली नाही.

जळगावच्या औद्योगिक वसाहतीत आमचा कारखाना होता. गारगोटीचे दगड फोडायचे, दळायचे आणि त्यांची पांढरी पावडर करून पोत्यांत भरायची. रंगात, काचेत, भांडी घासायच्या पावडरीत ती जायची. साहेब तिथले केमिस्ट होते आणि कामगारांच्या सुरक्षेचा कारभारही त्यांच्याकडेच होता. मी त्यांचा मदतनीस. असोद्याहून रोज एसटीने यायचो आणि दिवसभर बाटल्या धुवायचो. ऐंशीच्या दशकातली माझी बहुतेक वर्षं त्या माणसाच्या हाताखाली गेली. एवढ्या वर्षांत त्यांच्याविषयी आदर वाटावा असा एकही प्रसंग आठवत नाही, आणि मी पुष्कळ आठवून पाहिलं आहे.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "जे वजनात येत नाही ते जगात नाही." हे वाक्य ते दिवसातून दोनदा तरी टाकत आणि मग ऐकणाऱ्याच्या तोंडाकडे बघत थांबत. समोरच्याने मान डोलावल्याशिवाय पुढे सरकत नसत. लग्नाची पत्रिका आली की ती तोलत. जड पत्रिकेला जात, हलक्या पत्रिकेच्या लग्नाला बायकोला पाठवत. एकदा बाजारात केळी घेताना त्यांनी डझनभर केळी गाडीवरच सोलायला काढली. सालाचं वजन वेगळं करा म्हणाले, साल मी खात नाही. केळीवाला जुना माणूस होता. तो म्हणाला, "साहेब, सालं इथंच ठेवून जा. माझ्या घरी शेळी आहे, ती हिशेब विचारत नाही." साहेबांना यातलं काही लागलं नाही. त्यांना टोमणे लागत नसत, कारण टोमण्यांना वजन नसतं.

प्रयोगशाळेत एक दुसरा तराजू होता. नाजूक, काचेच्या पेटीतला, मिलिग्रॅमपर्यंत दाखवणारा. हा साहेबांचा देव. त्याच्यासाठी आतली एक कोंदट खोली राखून ठेवलेली. दाराला दुहेरी पडदा, खिडकीच्या फटींना चिकटपट्टी, पेटीवर मखमली अभ्रा. साहेब वजन करायला बसले की ओरडत, "श्वास रोखा!" आणि खोलीत असेल त्याने श्वास रोखायचा. मालक आले तरी मालकांनी रोखायचा. आपल्या श्वासाने काटा हलतो असं त्यांचं म्हणणं होतं, आणि ते खरंही होतं. त्या तराजूला धूळ चालत नसे. धुळीचा एक कण काट्याच्या धारेवर बसला की तराजू कायमचा बिघडतो, हे साहेब नव्या माणसाला तासभर समजावून सांगत. बाहेर शंभर माणसं तोंडाला रुमाल बांधून त्याच धुळीत उभी होती. त्यांच्यासाठी पडदा नव्हता.

साहेबांनी धुळीचं काही केलं नाही असं मात्र म्हणता येणार नाही. ते दर महिन्याला धूळ मोजत. एक छोटा पंप असे. त्याच्या तोंडाला कागदाची गोल चकती लावायची आणि कारखान्याच्या एकेका भागात तो पंप दिवसभर हवा ओढत ठेवायचा. चकतीचं आधी वजन, नंतर वजन. वाढलं ते धुळीचं. ही चकती नेण्या-आणण्याचं काम माझं. क्रशरजवळ, म्हणजे जिथे दगड फुटत तिथे, चकती काळपट, खरबरीत होऊन येई आणि साहेब मान हलवत. पावडर खोलीत मात्र ती जवळजवळ तशीच पांढरी राही. तिथे शेवटचं, सर्वांत बारीक पीठ पोत्यांत भरलं जायचं. साहेब त्या खोलीपुढे रजिस्टरात दर महिन्याला एकच शब्द लिहीत. 'नगण्य.'

त्या खोलीच्या मालाची परीक्षाही साहेबच घेत. चिमूटभर पावडर पुढच्या दातांखाली धरायची. करकरली नाही तर पास. मग तळहातावर उरलेली पावडर जोरात फुंकायची, समोर कोण उभा आहे हे न बघता. बहुतेक वेळा मीच उभा असे. पांढरा ढग हवेत तसाच तरंगत राही आणि साहेब त्याच्याकडे नव्या बापासारखे बघत.

आत गेलेल्या धुळीवर त्यांच्याकडे उपाय होता, गूळ. पाळी सुटली की प्रत्येक कामगाराला पन्नास ग्रॅम गूळ. कमी नाही, जास्त नाही. साहेब स्वतः तोलत, कागदाच्या पुड्या बांधत आणि खिडकीतून देत. गुळाने घसा सुटतो, घशातली धूळ पोटात उतरते आणि पोटातून बाहेर. संपलं. कुणी शंका काढली की म्हणत, "शरीर म्हणजे गोदाम नाही, धर्मशाळा आहे. आलेला माणूस जातोच." हा गुळाचा समज आमच्या सगळ्या गिरण्या-कारखान्यांत होता, साहेबांनी काही शोधला नव्हता. त्यांनी फक्त त्याला तराजूवर बसवलं.

आणि कुणी फारच खोकू लागला तर साहेब दया करत. त्याला क्रशरवरून काढून पावडर खोलीत टाकत. विश्रांती म्हणून. ही त्यांची सर्वांत मोठी दानशूरता. कारखान्यात त्या खोलीसाठी वशिले लागत.

माझाही लागला. माझे मेहुणे, अक्काचे यजमान, पारोळ्याजवळच्या खेड्यातले. मीच त्यांना कारखान्यात लावलं होतं. दोन वर्षं क्रशरवर काढल्यावर ते रात्रंदिवस खोकू लागले. अक्काने माझ्याकडे निरोप धाडला, भाऊ, काहीतरी कर. मी चांगल्या अक्षरात अर्ज लिहिला आणि केळ्यांची फणी घेऊन साहेबांपुढे उभा राहिलो. साहेबांनी अर्ज वाचला नाही. आधी तराजूवर टाकला. "चार ग्रॅम," म्हणाले. "विनंती हलकी आहे, पण चालेल." मी हसलो. इतका हसलो की आज आठवलं तरी माझीच मला लाज वाटते.

मेहुणे खोलीत गेले आणि खूश झाले. "भाऊ, बठ्ठं कसं दवाखानासारखं शे," मला म्हणाले. "दगड नही, आवाज नही, धूळ ते दिसतच नही." चार वर्षं ते तिथे होते. संध्याकाळी गुळाची पुडी न उघडता पिशवीत टाकत आणि शनिवारी घरी गेले की मुलीला देत.

मग त्यांचा दम उखडला. पायऱ्या चढवेनात, पोतं उचलवेना, म्हणून काम सोडून ते गावी गेले. धूळ सुटली, आता माणूस सुधारेल, असं साहेब म्हणाले आणि मलाही ते पटलं. पण मेहुणे महिन्यागणिक आणखी खाली उतरत गेले. जो माणूस धुळीपासून चाळीस मैलांवर, लिंबाच्या सावलीत बसून आहे, तो का खंगतो हे कुणाला कळेना. गावाजवळच्या दवाखान्यात क्षय म्हणून सांगितलं. गोळ्या सुरू झाल्या. नर्सबाईने अक्काला बजावलं, ताट-तांब्या वेगळा, पोरगी लांब.

अक्का सांगितलेलं अक्षरशः पाळणारी बाई. तिने नवऱ्याची खाट ओसरीवर टाकली आणि खाटेपुढे गेरूची एक रेघ ओढली. आठ वर्षांची मुलगी त्या रेघेच्या अलीकडे बसायची. बापाच्या दंडावर डोकं ठेवून झोपायची सवय असलेली ती पोर. आता दोघं रेघेवरून गोटी घरंगळवत खेळत. बाप तिकडून सोडी, ती इकडून परत पाठवी. गोटी तिच्याकडे आली की अक्का ती आधी धुऊन घेई. असं तीन वर्षं चाललं. गोळ्या संपल्या, पुन्हा सुरू झाल्या, पुन्हा संपल्या. मेहुण्यांनी स्वतःच्या जिवाबद्दल कधी काही मागितलं नाही. एकदा फक्त म्हणाले, "भाऊ, पोरले एकदाव जवळ बसू देवाले सांग ना अक्काले."

मी त्यांना धुळ्याला घेऊन गेलो. तिथे एक डॉक्टरीणबाई होत्या, मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी छातीचे फोटो उजेडावर धरले, थुंकीचे जुने सगळे कागद चाळले. एकदाही जंतू सापडले नव्हते. पुन्हा तपासलं, पुन्हा नाही. "हे काम काय करत होते?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग मला क्षयापेक्षा धुळीचा संशय जास्त येतो. पण कारखान्याकडून लिहून आणा. कसली धूळ होती, किती बारीक, अंगात विरघळणारी की नाही."

मी साहेबांकडे गेलो. साहेबांनी रजिस्टर पुढे ओढलं आणि बोट फिरवलं. नगण्य, नगण्य, नगण्य. चार वर्षांचे नगण्य. "बघा," म्हणाले. "सगळी मिळून बोटाच्या पेराइतकीही नाही. आणि सोडून तीन वर्षं झाली. एव्हाना असेल नसेल ती गेली. मी खोटं कसं लिहू?" त्यांनी रजिस्टराची नक्कल दिली, खाली सही केली आणि ती नक्कल सवयीने तराजूवर ठेवली. मी ती घेऊन पुन्हा धुळ्याला गेलो. डॉक्टरीणबाईंनी वाचून परत केली. "यात तर धूळच नाही. यावर मी काय लिहू?"

परतताना मी पारोळ्याला उतरून अक्काकडे गेलो. ती मेहुण्यांचं वेगळं ताट फळीवरून काढत होती. फळीवर तिने कागद अंथरले होते, तेलकट, मुंग्या लागलेले. गुळाच्या पुड्यांचे कागद. ती कागद टाकत नसे, चार वर्षांचे जपून ठेवले होते. ताट उचललं तसं खालच्या कागदावरचं छापील अक्षर मला दिसलं आणि ओळखीचं वाटलं. ओळखीचं वाटणारच, त्याची मुद्रितं मीच तपासली होती. आमच्या मालाचं जाहिरातपत्रक. साहेबांनी स्वतः लिहिलेलं, गिऱ्हाइकांना वाटायला. उरलेल्या पत्रकांत साहेब गूळ बांधत असत.

मी तिथेच उभ्याने वाचलं. 'आमची पावडर इतकी बारीक की फुंकली असता तासन्‌तास खाली बसत नाही. डोळ्यांना दिसत नाही, दातांना लागत नाही. पाण्यात विरत नाही, आम्लात विरत नाही. वर्षानुवर्षे जशीच्या तशी टिकते.' खाली साहेबांचं नाव, पदवीसकट.

धुळ्याला डॉक्टरीणबाईंनी तो गुळकट कागद दोनदा वाचला. मग मला समोर बसवून शाळेतल्या पोराला सांगावं तसं सांगितलं. मोठा कण जड असतो, तो नाकात, घशात अडकतो, खोकल्याबरोबर निघतो. अगदी बारीक कण थेट फुप्फुसाच्या टोकाला जातो. एका दगडाचे तुम्ही लाख कण केले तरी वजन तेवढंच राहतं, पण आता ते लाख ठिकाणी जाऊन बसतात. शरीर त्यांना गिळायला बघतं, विरवायला बघतं. ते विरत नाहीत. मग शरीर त्यांच्याभोवती गाठी बांधत बसतं, धूळ सोडल्यावरही. "वजन कमी म्हणून धोका कमी, हे कुणी सांगितलं तुम्हाला? त्या क्रशरपेक्षा ती खोली वाईट. आणि हे ज्याने लिहिलं त्याला सगळं ठाऊक होतं." मी विचारलं, बरे होतील का. त्या म्हणाल्या, "नाही. आत गेलेलं काढता येत नाही. पण हा आजार कुणाला लागत नाही. तसं मी लिहून देते."

त्यांनी लिहिलेला कागद घेऊन मी अक्काकडे गेलो तेव्हा दुपार होती. अक्काने मला तो तीनदा वाचायला लावला. "भाऊ, खरंच? आते ताट येगळं नको?" मी नको म्हटलं. तिने ओलं फडकं आणलं आणि गुडघ्यांवर बसून गेरूची रेघ पुसायला घेतली. तीन वर्षांची रेघ, दर सणाला पुन्हा ओढलेली, लवकर निघेना. पोरीने तेवढा वेळ वाट पाहिली नाही. ती ओल्या गेरूवरूनच पळाली आणि बापाच्या खाटेवर चढली. चादरीवर तिच्या लाल पावलांचे ठसे उमटले. मेहुण्यांनी दंड पुढे केला. मी भिंतीकडे तोंड करून रडलो.

आजार धुळीचा, एवढंच मी त्या घरात सांगितलं. कुठल्या खोलीच्या धुळीचा, ते सांगितलं नाही.

हल्ली पेपरात नॅनो की काय त्याविषयी येतं. गारगोटीच्या पिठापेक्षाही कितीतरी बारीक कण करतात म्हणे, मलमात घालतात, रंगात घालतात, कपड्यात घालतात. मोठमोठ्या विद्वानांना आता प्रश्न पडला आहे की हे कण अंगात किती वर्षं राहतात, आणि धोका वजनावर ठरवावा की कणांच्या संख्येवर की आणखी कशावर. वाचलं की तोंड कडू होतं. मला खात्री आहे, त्या विद्वानांतही कुठेतरी आमचे साहेब बसलेले असणार, काचेच्या पेटीपुढे, सगळ्यांना श्वास रोखायला लावून.

तेव्हा डॉक्टरीणबाईंचा कागद मी साहेबांनाही नेऊन दाखवला. सोबत त्यांचं पत्रकही ठेवलं. मला वाटलं, आता तरी हा माणूस खाली बघेल. ते म्हणाले, "ते पत्रक गिऱ्हाइकासाठी आहे. रजिस्टर कामगारांसाठी आहे. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत." मग जरा थांबून म्हणाले, "मी स्वतः येऊन बघतो." आणि खरंच आले. रविवारी, एसटीने, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, हातात कागदाची पुडी.

मेहुणे खाटेवर उशांना टेकून बसले होते, पोरगी त्यांच्या दंडाला टेकून. साहेबांना बघताच ते उठायला धडपडले. अक्काने खुर्ची पुसून दिली, चहा टाकला. साहेब बसले, घाम टिपला आणि एकदम कामावर आल्यासारखं विचारलं, "मला एवढंच सांगा, पावडर खोलीत तुम्हाला कधी धूळ दिसली का?"

"धूळ?" मेहुण्यांनी दोन श्वास घेतले. "नही सायेब. दूधसारखी निर्मळ खोली व्हती ती. जे काय गये ते त्या क्रशरवर गये."

साहेब माझ्याकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर अगदी खरं समाधान होतं. "ऐका," म्हणाले. "जो तिथे राहिला तोच सांगतोय."

तेव्हा मी बोलायला हवं होतं. सगळं माझ्या जिभेवर होतं, लाख कण, गाठी, ती खोली, ते पत्रक. पण ते सांगायचं तर मेहुण्यांच्या आणि अक्काच्या समोर सांगायचं होतं, आणि त्या खोलीचा अर्ज कुणी लिहिला हे दोघांनाही माहीत होतं. साहेब माझ्याकडे बघत मान डोलावण्याची वाट पाहत होते, नेहमीसारखे.

मेहुण्यांनी हात जोडले. आधी साहेबांना, मग मला. "भाऊनी अर्ज लिखा, तुम्हीन खोली दिधी. त्या क्रशरवर ऱ्हातू तर कव्हाच मरी जातू. तुम्हना दोन्हीस्ना उपकार शेत."

साहेबांनी उपकार घेतले. पुडी उघडून गुळाचा खडा मेहुण्यांच्या हातावर ठेवला आणि म्हणाले, पन्नास ग्रॅम आहे, तोलून आणलाय. मेहुण्यांनी त्याचे तीन तुकडे केले. एक पोरीला दिला, एक स्वतःच्या तोंडात टाकला, आणि हात लांबवून तिसरा माझ्यापुढे धरला.

मी मान डोलावली, आणि तो गूळ खाल्ला.